एआय फाटकाच्या आत, सीएसआर फाटकाबाहेर

पुण्याजवळच्या चाकण-भोसरीकडच्या काही कारखान्यांत कास्टिंगमधली भेग आता कॅमेरा हुडकतो. जॉब पट्ट्यावरून सरकत येतो, वरून लख्ख उजेड पडतो आणि हजारो फोटोंवर तयार झालेलं सॉफ्टवेअर डोळ्याचं पातं लवायच्या आत ‘ओके’ की ‘रिजेक्ट’ ते ठरवतं. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ही प्रगती आणि सामाजिक जबाबदारी (सीएसआर) शेजारी-शेजारी छापली जाते. घोळ तिथूनच सुरू होतो.

गैरसमज : कामगाराचा हात प्रेसखाली जाण्याआधी मशीन थांबवणारा एआय कॅमेरा म्हणजे सीएसआर.
नाही. 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. धोकादायक यंत्राला आडोसा बसवणं हे तर 1948 च्या कारखाने कायद्यापासून मालकाचं कर्तव्यच आहे. त्याला दानधर्माचं लेबल कशाला?

गैरसमज : एआयमुळे नफा वाढला की समाजाचा वाटाही लगेच वाढतो.
2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्च करायची असते. नफा 90, 100 आणि 110 कोटी असेल, तर 2 कोटी. नव्या यंत्रांचा घसारा नफ्यातून वजा होतो, म्हणून सुरुवातीला वाटा घटूही शकतो.

गैरसमज : गावात कौशल्य केंद्र काढलं, म्हणजे काम गेलेल्यांची सोय झाली.
खरी मेख इथे आहे. नव्या तंत्रामुळे कामगार कपात होण्याची शक्यता असेल, तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी, असं 1947 चा औद्योगिक विवाद कायदा सांगत होता. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. पण कॅमेऱ्याच्या जागी आधी उभा असलेला तपासणीस अनेकदा ठेकेदाराचा माणूस असतो. ठेका संपला, पुन्हा दिला नाही, की कंपनीच्या कागदावर कपात शून्य! सीएसआरचा पैसा मात्र नियमानं खर्च झालेला.

म्हणून सीएसआरच्या पानावरचे शाळेचे फोटो थोडा वेळ बाजूला ठेवा. शेअर बाजाराची नियामक सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल (बीआरएसआर) सक्तीचा केला. त्यात कायम आणि बिगर-कायम कामगारांची संख्या वेगवेगळी द्यावी लागते. सोडून गेलेल्यांचं प्रमाण मात्र फक्त कायम कामगारांचं विचारलं जातं. तेव्हा कॅमेरे बसण्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षाचा बिगर-कायम कामगारांचा आकडा शेजारी मांडून पाहा.