एका कीबोर्डवर दोन कॉम्प्युटर चालवताय? मग तुमचा पासवर्ड कुठून जातोय ते बघा

टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप, शेजारी घरचा कॉम्प्युटर आणि दोन्हीला मिळून कीबोर्ड-माऊस एकच. माऊस स्क्रीनच्या कडेला नेला की बाण थेट शेजारच्या स्क्रीनवर. सिनर्जी, बॅरियर, मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाउट बॉर्डर्स ही सॉफ्टवेअर हेच करतात. सोय भारी आहे, यात वाद नाही.

पण यात तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण नेटवर्कवरून दुसऱ्या मशिनकडे जातं. शेजारच्या स्क्रीनवर बँकेचा पासवर्ड टाकला, की तोही एकेका अक्षराने वायफायवरून निघाला. क्लिपबोर्डही सामायिक असतो, म्हणजे कॉपी केलेला मजकूरही गेला. सिनर्जीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे सगळं उघडंच जायचं. पोस्टकार्डावर पासवर्ड लिहून टपालात टाकावा तसं.

पुढे एन्क्रिप्शन आलं. पण दाराला कुलूप आहे आणि बेल वाजवणारा कोण हे न बघताच दार उघडलं, तर कुलपाचा उपयोग काय? बॅरियरमध्ये २०२१ साली नेमकी हीच त्रुटी सापडली. कीबोर्ड ज्याला जोडलाय तो सर्व्हर. त्याच्याशी जोडणारा कॉम्प्युटर तुमचाच आहे का, हे तो नीट तपासतच नव्हता. तुमच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला सेटिंगमध्ये दिलेलं नाव कळलं, की नेटवर्कवरचा कुणीही त्या नावाने आत शिरून टाइप केलेलं मिळवू शकत होता, सर्व्हरचा क्लिपबोर्ड बदलू शकत होता. आणि लोक नावं ठेवतात काय, तर ‘लॅपटॉप’! २.४.० आवृत्तीत ही त्रुटी दुरुस्त झाली. पुढे बॅरियरचं कामच थांबलं आणि ते ‘इनपुट लीप’ नावाने सुरू झालं. तेव्हा जुनं बॅरियर अजून वापरत असाल तर काढून टाका.

उलटा धोका जास्त वाईट. तुमचा लॅपटॉप भलत्याच सर्व्हरला जोडला गेला, तर तो समोरचा तुमच्या लॅपटॉपवर हवं ते टाइप करू शकतो. म्हणूनच पहिल्यांदा जोडताना अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ दिसते, तिला फिंगरप्रिंट म्हणतात. बहुतेक जण न वाचताच ‘येस’ दाबतात. ती दोन्ही स्क्रीनवर सारखीच आहे का, हे एकदा बघायला अर्धा मिनिट लागतो.

कॅफे, हॉस्टेल, रेल्वे स्टेशनच्या वायफायवर हे सॉफ्टवेअर बंदच ठेवा. सिनर्जी, बॅरियर २४८०० हा पोर्ट वापरतात, तो राउटरवर बाहेरून उघडू नका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा. आणि नेटवर्कची झंझटच नको असेल, तर केव्हीएम स्विच मिळतो: मशिन बदलायला एक बटण दाबावं लागतं, पण पासवर्ड वायरमधूनच जातो.