न कुजणाऱ्या पर्सची निगा

रेशमी साडी आपण मलमलीत गुंडाळून ठेवतो, चामड्याच्या चपलेला पॉलिश करतो. पण नायलॉनच्या पर्सची निगा राखावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'नायलॉनच ते, त्याला काय होतंय?' असे म्हणून ती वर्ष वर्ष धुतली जात नाही, आणि धुतलीच तर दिवाळीच्या साफसफाईत पायपुसण्यांबरोबर बादलीत बुचकळली जाते. दोन्ही प्रकारांनी ती लवकर बाद होते. मी वापरते ती पर्स माझ्या थोरल्या बहिणीची. ती नोकरीला लागली तेव्हा घेतलेली ही पर्स आता माझ्याबरोबर रोज एस.टी.ने कॉलेजला येते. नवी घेण्याची ऐपत येईपर्यंत ती टिकलीच पाहिजे, म्हणून मी या विषयात लक्ष घातले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवते.

प्रथम या कापडाची कुळकथा. नायलॉनचा जन्म १९३५ साली अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत, वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली झाला. १९४० मध्ये त्याचे पायमोजे बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या. पॉलिएस्टर हे त्याचे धाकटे भावंड; ते १९४१ साली इंग्लंडात विनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी तयार केले. आपल्या आजोबांच्या पिढीने मिरवलेले टेरिलीन ते हेच.

या धाग्यांचा स्वभाव कळला की निगेचे निम्मे काम झाले. सुती कापड हवेतली ओल आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के शोषून घेते, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पाण्याशी फटकून वागणारी ही मंडळी, विशेषतः पॉलिएस्टर, तेलाशी मात्र चटकन सलगी करतात. हाताचा चिकटपणा, केसांचे तेल, डब्यातून झिरपलेली तर्री धाग्याला घट्ट धरून बसते आणि तिच्यावर धूळ जमते. पर्सचे बंद सर्वांत आधी काळे पडतात ते यामुळेच. नुसत्या पाण्याने हा मळ हलत नाही. तो साबणानेच सुटतो.

रीत सोपी आहे. पर्स पूर्ण रिकामी करावी, अस्तर बाहेर ओढून कोपऱ्यांतला कचरा झटकावा. तळाशी पुठ्ठा असल्यास काढून ठेवावा, कारण भिजला की तो वाकडा होतो. कोमट पाण्यात शांपूचे किंवा भांड्यांच्या पातळ साबणाचे चार थेंब टाकून फडके बुडवावे, पिळावे आणि पर्स पुसावी. बंदांवर व शिवणीवर जुना मऊ टूथब्रश फिरवावा. मग स्वच्छ ओल्या फडक्याने दोनदा पुसावे. साबण राहिला तर त्यावर पुन्हा धूळ चिकटते. शेवटी आत जुने सुती कापड भरून वाऱ्याला, सावलीत टांगावी. गरम इस्त्री आणि ब्लीचिंग पावडर यांना मात्र जवळ येऊ देऊ नये. इस्त्रीने कापड आकसते किंवा वितळते, ब्लीचिंगने नायलॉनचा धागा कमजोर होतो.

डागांचे दोन प्रकार आपल्या खास ओळखीचे. पहिला हळदीचा. साबण लागताच तो लाल होतो. घाबरू नये, क्षार लागला की हळद असा रंग बदलते. तेल साबणाने काढावे, उरलेला पिवळा रंग उन्हात विटतो. पण सतत ऊन खाल्ले की नायलॉन पिवळे पडते व विरते. म्हणून डागाचा भाग तेवढा तासभर उन्हाकडे करावा, बाकीची पर्स झाकावी. दुसरा डाग बॉलपेनच्या शाईचा. दवाखान्यात वापरतात ते स्पिरिट कापसावर घेऊन डाग टिपावा, घासू नये. आधी आतल्या कोपऱ्यावर टिपून पाहावे; तिथे रंग सुटला तर डागासकटच पर्स बरी!

आता खरी नाजूक जागा. पुष्कळ पर्सेसना पाणी आत जाऊ नये म्हणून आतल्या बाजूने पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. धागा वर्षानुवर्षे टिकतो, पण हवेतली ओल या थराचे रासायनिक बंध तोडीत राहते आणि उष्णतेने ते काम वेगाने होते. मग आतून चिकट लागते, पापुद्रे सुटतात, आणि त्यावर इलाज नाही. म्हणून पर्स मशीनमध्ये घालू नये आणि ओलसर असताना पेटीत कोंडू नये. पावसाळ्यात तर बुरशीला बसायला मळ पुरतो. तेव्हा पुसून, वाळवून, चेन उघडी ठेवून ती हवेशीर जागी टांगावी. डांबरगोळ्यांचा खर्च वाचवावा. कसर लोकरीवर जगते, नायलॉन तिचे अन्न नव्हे.

चेन अडकू लागली की तिच्या दातांवर मेणबत्ती किंवा शिसपेन्सिल फिरवावी. बंदाची शिवण उसवली तर चपला शिवणाऱ्या कारागिराकडून दोन टाके घालून घ्यावेत. बहुतेक पर्सेस टाकल्या जातात त्या अशाच किरकोळ दुखण्यांनी; कापड तोवर धडधाकट असते.

आणि टाकलेली पर्स जाते कोठे? सुती पिशवी मातीत कुजून जाते. नायलॉन, पॉलिएस्टर वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. इतकेच काय, धुताना या कापडाचे सूक्ष्म तंतू सुटून गटारावाटे नदीला मिळतात. म्हणून माझा नियम असा: पुसावे वारंवार, धुवावे क्वचित, आणि टाकण्यापूर्वी एकदा शिवून पाहावे. आमच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर ज्या लॅपटॉपच्या बॅगा असतात, त्याही बहुधा याच कुळातल्या. त्यांच्या बंदांकडे त्यांनी एकवार निरखून पाहावे, एवढीच विद्यार्थिनीची नम्र सूचना.