जुनी जावा-येझदी घरी उभी करताना

मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून उत्पादन. १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ हे नाव. कारखाना १९९६ मध्ये बंद.

• इंजिन : २५० सीसी, टू-स्ट्रोक. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन (नवख्याला हमखास चकवणारी जोडी). गिअरचाच दांडा आत दाबून उभा केला की किक होते.

• ऑइल : दोन ठिकाणी, दोन प्रकारचे. गिअरबॉक्सचे वेगळे. पिस्टन आणि क्रँकसाठीचे टू-टी ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचे. ते विसरले की पिस्टन जाम.

• टाकी : आतला गंज काढायला व्हिनेगर भरून रात्रभर ठेवतात. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच कोरडी करायची. ओली राहिली तर पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो.

• वायरिंग : जुन्या मॉडेलांना ६ व्होल्ट. १२ व्होल्टचा बल्ब नुसता मिणमिणतो.

• कागदपत्रे : इंजिन व चासी नंबर आरसीशी जुळवून पाहावेत. नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरे. रोजच्या वापराला मनाई.