परसातलं अळू : गटाराच्या पाण्यावर नको, चांगल्या पाण्यावर वाढवा

राहनाळ (ता. भिवंडी) : राहनाळ, पूर्णा, काल्हेर भागात भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली. शेत गेलं तरी बऱ्याच घरांमागे चार-सहा हात जागा असते. जूनच्या पहिल्या पावसात तिथे अळू लावलं, तर श्रावणातली वडी आणि ऋषिपंचमीची भाजी घरचीच होते.

जागा कोणती?
अळूला ओल लागते म्हणून ते गटाराकडेला लावायची सवय आहे. ती सोडायला हवी. भिवंडीत यंत्रमाग आणि डाइंगचा धंदा मोठा, त्यामुळे नाल्याच्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही. अशा पाण्यातले शिशासारखे जड धातू पालेभाजीत उतरतात आणि पान कितीही धुतलं तरी ते निघत नाहीत. विहिरीचं, नळाचं किंवा तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वापरावं. दिवसातून थोडी सावली असेल तरी चालते.

लागवड
घराभोवती भराव असेल तर फूटभर खणून डबर काढावं. निम्मी माती आणि निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत भरावं. ताजं शेण घालू नये. कंद दोन-तीन इंच खोल, डोळा वर ठेवून लावावेत. दोन कंदांत दोन फूट अंतर हवं. वडीसाठी काळ्या देठाचं, तर भाजीसाठी हिरव्या देठाचं अळू घ्यावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण हरितपर्णी’ ही जातही पानांसाठीच आहे.

करपा आणि अळी
सततच्या पावसात पानावर पाणी धरल्यासारखे डाग पडतात आणि मग ते तपकिरी होऊन पसरतात. हा करपा. पावसाच्या शिंतोड्यांनी तो शेजारच्या पानावर जातो, म्हणून डाग दिसताच पान कापून लांब पुरावं, खतखड्ड्यात टाकू नये. दाटी केली की करपा हमखास वाढतो. पानामागे अंड्यांचा पुंजका किंवा लहान अळ्या दिसल्या तर ते पानच काढून टाकावं. खायच्या पानावर विषारी औषध मारू नये.

काढणी
दीड-दोन महिन्यांनी बाहेरची पानं देठासकट कापावीत. आतली दोन-तीन पानं ठेवली की नवी येत राहतात. कंदाला फुटलेली पिल्लं पुढच्या जूनला वेगळी करून लावता येतात, बियाणं विकत घ्यावं लागत नाही.

घसा का खाजतो?
अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. म्हणून चिंच किंवा आमसूल घालून पान पूर्ण शिजवावं, कच्चं चाखू नये. चिरताना हाताला तेल लावावं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं.