वैद्यकपूर्व शिक्षण : विषय निवडताना

दहावीचे निकाल लागले की दवाखान्यात रुग्णांच्या बरोबरीने पालकही येऊ लागतात. ‘डॉक्टरसाहेब, मुलाला डॉक्टर करायचे आहे, विषय कोणते घ्यावेत?’ हा प्रश्न मी वारासिवनीत अनेक वर्षे ऐकत आलो आहे. वरवर पाहता उत्तर एका शब्दाचे आहे, जीवशास्त्र. परंतु जीवशास्त्राच्या सोबतीला काय ठेवावे आणि कोणत्या विषयाला निरोप द्यावा, हा खरा प्रश्न आहे. तो सोडवायचा असतो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने. प्रत्यक्षात त्याच्या वतीने आपणच तो सोडवतो. आणि घरात दवाखाना असेल, तर मूल पाळण्यात असतानाच तो सुटलेला असतो!

आधीच्या पिढीला थोडी उसंत होती. दहा अधिक दोन ही पद्धत येण्यापूर्वी महाराष्ट्रात मॅट्रिकनंतर महाविद्यालयात इंटर सायन्सपर्यंत शिकावे लागे आणि मगच वैद्यकीय प्रवेश मिळे. आता अकरावीच्या अर्जावरच फाटा फुटतो.

अमेरिकेत हा फाटा फार उशिरा येतो. तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचे दार साधारणतः चार वर्षांच्या पदवीनंतर उघडते आणि ती पदवी कोणत्याही विषयाची चालते. जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र हे अभ्यासक्रम प्रयोगांसह पुरे केले, की मुख्य विषय इतिहास असो वा संगीत, कोणी अडवत नाही. 2015 पासून तर तेथील प्रवेशपरीक्षेत मानसशास्त्र व समाजशास्त्राचाही एक विभाग आहे. आपल्या विदर्भाशी नाते असलेले उदाहरण डॉ. अतुल गवांदे यांचे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे. आईवडील दोघेही डॉक्टर. मुलाने स्टॅनफर्डला जीवशास्त्राबरोबर राज्यशास्त्र घेतले, ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शिकले आणि त्यानंतर हार्वर्डमधून 1995 साली वैद्यकीय पदवी घेतली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेची सुरक्षा-सूची तयार केली. आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. या कामात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. माणसे एकत्र काम कशी करतात, याची जाण होती. आणि ती केवळ जीवशास्त्राच्या पुस्तकातून येत नाही, असे माझे मत आहे.

आपल्याकडे एवढी मोकळीक नाही, पण दार पूर्वीइतके घट्टही राहिलेले नाही. 1997 च्या नियमांनुसार अकरावी-बारावीची दोन वर्षे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी यांचा नियमित अभ्यास अनिवार्य होता. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने हे बंधन सैल केले. आता बारावी गणित गटातून झालेला विद्यार्थी मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होऊन ‘नीट’ला बसू शकतो. ही बाब आपल्या भागातील अनेक पालकांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. पंधराव्या वर्षी गणित घेतले म्हणून डॉक्टर होण्याची वाट कायमची बंद झाली, असे आज म्हणता येत नाही.

उलट बाजूने मात्र वाट तशीच अरुंद आहे. जीवशास्त्र घेऊन गणित सोडले, की अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा हातच्या जातात. म्हणूनच शाळेत सोय असेल आणि मुलाला झेपत असेल, तर चौथा विषय गणित ठेवावा असे मी सुचवतो. ज्याचे दहावीचे गणित रडतखडत सुटले, त्याच्यावर हे ओझे लादू नये. तरीही एक गोष्ट त्याच्या कानावर घालावी : 2025 च्या ‘नीट’मध्ये 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे होते, उरलेले निम्मे भौतिक व रसायनशास्त्राचे. गणिताला भिऊन ‘बायो’कडे वळलेल्या मुलाला तेच गणित भौतिकशास्त्राच्या वेषात पुन्हा भेटते.

सर्वांत अवघड प्रसंग पहिल्या प्रयत्नानंतर येतो. थोडक्यात संधी हुकते, मूल ‘ड्रॉप’ घेते; मग दुसरा, मग तिसरा. प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही आणि 2022 पासून कमाल वयाचीही अट उठली आहे. कधी थांबायचे, हे आता नियम सांगत नाही, घरानेच ठरवावे लागते. विशी ओलांडलेला तरुण आणि हाती फक्त बारावीची गुणपत्रिका, असे चित्र आपल्या समाजातही दिसते. एका वर्षाच्या तयारीला माझी हरकत नाही. त्यापुढे मात्र पदवीला नाव घातलेले असावे.

मध्य प्रदेशात 2021 पासून बी.एस्सी.ला ‘मेजर’ व ‘मायनर’ विषय निवडावे लागतात. तयारीची उजळणी होते म्हणून बहुतेक मुले प्राणिशास्त्राकडे धावतात. मी रसायनशास्त्राला झुकते माप देतो. औषधनिर्मिती उद्योग, प्रयोगशाळा आणि अध्यापन या तिन्हींकडे तेथून वाट जाते. शिवाय आपल्या मुरझडलाच कृषी महाविद्यालय आहे. धानाच्या या जिल्ह्यात डॉक्टरांच्या मुलाने कृषीपदवी घेतली तर त्यात कमीपणा कसला? निवडीची माझी कसोटी साधी आहे. ‘नीट’ कधीच झाली नाही, तर हा विषय मूल आनंदाने पुढे शिकेल का?

सीमेवर राहणाऱ्या आपल्यासाठी आणखी एक पोटप्रश्न आहे. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरचे तर 1947 पासूनचे. दोन्ही आपल्याला घरासारखी. परंतु महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी साधारणतः दहावी आणि बारावी दोन्ही त्याच राज्यातून झालेली असावी लागते आणि अधिवासाचा दाखलाही लागतो. दहावी वारासिवनीत करून केवळ अकरावीसाठी मुलाला गोंदियाला पाठवल्याने तो कोटा मिळत नाही. तेथील जागा 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातूनच मिळू शकते. मध्य प्रदेशच्या जागांसाठी आपला मूळनिवासी दाखला वेळेत काढून ठेवावा. 2024 मध्ये सिवनीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि तेथील राज्य कोटा आपल्या मुलांना खुला आहे.