दुकानात गाणं लावण्याआधी ते ग्राहकाच्या कानाने ऐका



सलून असो, कॅफे असो की मुलांचे क्लास, जागा फायनल झाली की आपण रंग ठरवतो, लाईट ठरवतो, स्पीकरही घेतो. पण त्या स्पीकरवर काय वाजणार, हे कोण ठरवतं? बहुतेक वेळा काउंटरवर बसलेल्या मुलाचा मोबाईल! आज आपण सलूनचं उदाहरण घेऊन याच विषयावर बोलू.

समजा, एक आई सात वर्षांच्या मुलाला केस कापायला घेऊन आली. मुलाला ऑटिझम आहे. मानेजवळ मशीनची घरघर चालू, शेजारच्या खुर्चीवर ड्रायर चालू, आणि वर गाणं. अचानक गाण्यात मोठा ठोका येतो, मूल कानावर हात दाबून खुर्चीतून उतरतं. आई अर्धवट कापलेल्या केसांनिशी त्याला घेऊन निघते. जाताना पैसेही देते, वर "सॉरी" म्हणते. तक्रार काहीच नाही, फक्त पुन्हा येत नाही. मायग्रेनवाल्या ताई, श्रवणयंत्र लावणारे आजोबा, यांचंही थोड्याफार फरकाने असंच होतं. आवाज त्यांना नुसता नावडत नाही, तो टोचतो.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग आवाज बारीक करू ना! करा. पण तेवढ्याने काम होत नाही. आवाजाचं बटण तुमच्या हातात आहे, गाण्याच्या पोटातली उडी तुमच्या हातात नाही. संथ सुरू होऊन मध्येच दणका देणारं गाणं बारीक आवाजातही दचकवतं. उलट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ठेक्यावर चालणारं गाणं कान लवकर ओळखीचं करून घेतो. म्हणून गाणं तपासताना ते किती मोठं आहे यापेक्षा ते किती अचानक बदलतं, हे आधी बघा.

कॅफेवाल्यांच्या आवडीचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' घ्या. क्वीन या ब्रिटिश बँडचं १९७५ चं, जवळपास सहा मिनिटांचं गाणं. पहिली तीस सेकंद ऐकून कोणीही म्हणेल, वा, शांत आहे, टाका लिस्टमध्ये. पुढे तीन मिनिटांच्या आसपास ऑपेराचा भाग येतो, उंच पट्टीतले अनेक आवाज एकमेकांवर चढतात. चार मिनिटांनंतर थेट जोरदार गिटार आणि ड्रम. शेवट पुन्हा हळुवार. गाणं अफलातून आहे, वाद नाही, पण कान टोचणाऱ्या ग्राहकासमोर ते लावू नका.

आपल्याकडचा एक मोठा गैरसमजही इथेच काढून टाकू. भक्तिगीत लावलं म्हणजे शांत, असं नसतं. टाळ-झांजेचा आवाज उंच आणि धारदार असतो. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण ऐकतो, म्हणून असे आवाज पटकन खुपतात. ढोल-ताशात ताशा कानाला लागतो, ढोल छातीत बसतो. दोन्हींचा त्रास वेगळा. ढोल सहन होणाऱ्याला ताशा सहन होईलच असं नाही.

तपासायचं कसं? दुकान बंद असताना गाणं तुमच्याच स्पीकरवर, रोजच्याच आवाजात लावा आणि ग्राहकाच्या खुर्चीत बसा, काउंटरवर नाही. पूर्ण ऐका. जिथे आवाज उसळला, नवं वाद्य घुसलं, किंचाळी, शिट्टी किंवा हॉर्न आला, तिथला मिनिट-सेकंद वहीत लिहा. एका वेळी किती गोष्टी चालू आहेत तेही बघा. एक गायक आणि एक गिटार वेगळं, आणि गायक, कोरस, ड्रम, सिंथ सगळं एकदम वेगळं. नंतर ड्रायर चालू करून पुन्हा ऐका. जवळून ड्रायरचाच आवाज ८० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. त्यावर गाणं चढवायला गेलात तर दोन्ही मिळून गोंगाट होतो. ड्रायर चालू असेल तेव्हा गाणं वाढवायचं नाही, उलट बंद केलं तरी चालेल.

कॉम्प्युटर असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि तुमच्याकडची गाण्याची फाईल त्यात उघडा. आवाजाची पट्टी दिसते. बारीक रेघ अचानक जाड झाली की तिथे उडी आहे. सगळीकडे विटेसारखी जाड पट्टी असेल तर उडी नाही, पण कानाला विसावाही नाही. असं एखादं गाणं ठीक, पाठोपाठ दहा नकोत. मोबाईलवरचं डेसिबल अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक, पण माझी कसोटी साधी आहे: "पुढून किती ठेवू?" हे आवाज न चढवता विचारता आलं पाहिजे.

वहीत गाण्यांपुढे हिरवा, पिवळा, लाल ठिपका द्या. लाल गाणी फेकून द्यायची नाहीत, शनिवारच्या गर्दीत तरुण मंडळींना तीच हवी असतात.

आणखी एक, यूट्यूबची मोफत आवृत्ती दुकानात लावू नका. शांत गाणं संपतं आणि जाहिरात ओरडते. सगळी मेहनत पाण्यात! शिवाय अशा अ‍ॅपचं वैयक्तिक खातं व्यवसायासाठी नसतं, आणि दुकानात गाणी वाजवायची तर हक्कधारकांचा परवाना लागतो. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं बोलू.

हे सगळं फक्त मोठ्यांनाच जमतं असं समजू नका, पण मोठ्यांनी सुरू केलंय हे खरं. ब्रिटनमधल्या मॉरिसन्स सुपरमार्केटने २०१८ साली शनिवारी सकाळी ९ ते १० संगीत बंद, दिवे मंद असा तास सुरू केला. अमेरिकेत वॉलमार्टने २०२३ पासून रोज सकाळी ८ ते १० अशीच वेळ ठेवली. तुमच्या दोन खुर्च्यांच्या सलूनला तर हे फुकटात जमतं. मंगळवारी-बुधवारी ११ ते १ तसंही रिकामंच असतं ना? ती वेळ हिरव्या गाण्यांची ठेवा, आणि ग्राहकाने सांगितलं तर गाणं पूर्ण बंद. दारावर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला सरळ लिहा: "मंगळवार-बुधवार ११ ते १ शांत वेळ. गाणी बंद हवी असल्यास सांगा. मशीन सुरू करण्याआधी मुलाला दाखवू." फोन आला तर आधी एवढंच विचारा, "ताई, त्याला कोणता आवाज चालत नाही?" उत्तर त्याच वहीत, त्या मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा.