फुटक्या कपबश्यांची गुहा

खळ्ळ! कप हातातून निसटला आणि फरशीवर त्याच्या ठिकऱ्या ठिकऱ्या झाल्या. आता काय? केरसुणी, सुपली आणि थेट उकिरडा!

थांब, थांब! अशाच तुकड्यांनी एक अख्खी गुहा मढवलीय. अगदी खरं!

तू आळेफाट्याकडचा किंवा आळेफाट्याकडची असशील, तर गुहांचं तुला काय कौतुक? लेण्याद्रीची लेणी जवळच. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत तर दोनशेहून जास्त लेणी आहेत! पण ती सगळी काळ्या कातळात कोरलेली. ही गुहा मात्र बाहेरून पांढरी आणि उन्हात लखलखणारी. ती आहे अहमदाबादला. नाव, ‘अमदावाद नी गुफा’.

आणि ती केली कुणी, ओळख पाहू!

बाळकृष्ण दोशी यांनी. ते इमारतींचे आराखडे करायचे. त्यांचा जन्म १९२७ सालचा, आपल्या पुण्यातला! २०१८ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा जगातला सगळ्यात मानाचा पुरस्कार, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. गुहेतली चित्रं आहेत चित्रकार एम. एफ. हुसेन यांची. त्यांचा जन्म कुठला? पंढरपूरचा! दोघेही आपल्या महाराष्ट्रात जन्मलेले.

चित्रांची ही गुहा बरीचशी जमिनीखाली आहे. वर दिसतात फक्त तिचे घुमट. कासवाच्या पाठी आणि साबणाचे फुगे यांवरून दोशींना ते सुचले. घुमटाचं कवच किती जाड असेल? हातभर? छे! जेमतेम इंचभर! लोखंडी जाळी आणि तिच्यावर सिमेंटचा थर, बस्स. त्यावर फुटक्या चिनी मातीचे तुकडे बसवलेत. आणि त्या पांढऱ्या पाठीवरून एक भलामोठा काळा नाग वळवळत गेलाय. तोही तुकड्यांचाच!

पण फुटके तुकडेच का? चांगल्या अख्ख्या फरश्या का नाही लावल्या?

एक गंमत करून बघ. वहीचं कोरं पान घे आणि चेंडूला चिकटव. पडल्या ना चुण्या? आता त्याच पानाचे बारीक कपटे करून चिकटव. झाला चेंडू छान गुळगुळीत! घुमटाचंही तसंच. सपाट फरशी गोल पाठीवर बसतच नाही. तिच्या कडा उचलल्या जातात. छोटा तुकडा मात्र कुठेही बसतो आणि शेजारचा तुकडा किंचित कलतो. असा कलत कलत अख्खा घुमट झाकला जातो. म्हणजे बघ, कप फुटला म्हणूनच तो इथे कामाला आला!

पांढऱ्या तुकड्यांचा आणखी एक फायदा. त्यांच्यावर पडलेलं बरंचसं ऊन परत फिरतं. अहमदाबादचा उन्हाळा म्हणजे भाजून काढणारा! दोशींनी स्वतःच्या कार्यालयाचं गोल छप्परही अशाच तुकड्यांनी मढवलं होतं. त्या कार्यालयाचं नाव ‘संगाथ’.

बरं, पावसात या तुकड्यांचा चिखल नाही का होत? मातीचेच ना ते?

हीच तर जादू! पाणी १०० अंशांना उकळतं. चिनी मातीचा कप भट्टीत १२०० अंशांच्या आसपास भाजतात. मातीत दडलेलं पाणी पार निघून जातं. काही कण वितळतात आणि बाकीच्यांना घट्ट धरून ठेवतात. एकदा अशी भाजली की ती माती कितीही भिजव, पुन्हा तिचा चिखल होतच नाही! कमी आचेवर भाजलेलं साधं मडकंसुद्धा विरघळत नाही. म्हणून तर जुन्नरला सातवाहन राजांच्या काळातली खापरं आजही सापडतात. दोन हजार वर्षं मातीत राहून माती न झालेली माती!

आता तुझ्यासाठी एक काम. घरात कप फुटला तर तुकड्यांना हात लावू नकोस, त्यांना ब्लेडसारखी धार असते. मोठ्यांना ते पुठ्ठ्याने गोळा करून डब्यात ठेवायला सांग. डबा भरला की एखादी जुनी कुंडी शोधा. तुकडे कुठे कसे लावायचे, ते चित्र तू काढ. पांढऱ्या सिमेंटात ते बसवायचं काम मोठे करतील, हातमोजे घालून. फटी नीट भरा, म्हणजे कडा बोचणार नाहीत.

आणि हो, डबा लवकर भरावा म्हणून मुद्दाम कप फोडायचे नाहीत हं!